नाबोथाचा मळा आणि कॅनडातील मुले

(प्रौढांच्या श्रद्धाशिक्षणासाठी अभ्यासपाठ)



जुन्या करारात, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात, नाबोथाची गोष्ट येते. अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने मोबदलाही देऊ केला : बदल्यात याहून चांगला मळा, नाहीतर रोख रक्कम. नाबोथाने नकार दिला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती आणि अशी जमीन विकायची नसते असे तो मानत होता. राजा रुसून अंथरुणावर पडून राहिला. मग ईजबेल राणीने सूत्रे हाती घेतली. तिने गावच्या वडीलधाऱ्यांना राजाची मोहोर असलेली पत्रे पाठविली, उपवास जाहीर करायला लावला, सभा भरविली आणि दोन खोटे साक्षीदार उभे केले. देवनिंदेच्या आरोपावरून नाबोथाला दगडमार झाला आणि मळा राजाच्या ताब्यात गेला.

ही गोष्ट पुन्हा वाचताना एका बाबीकडे लक्ष द्यावे. इथे कोणी रात्रीच्या अंधारात दरोडा घातलेला नाही. पत्रावर मोहोर आहे, सभा आहे, साक्षी आहेत, उपवासही आहे. कायदा आणि धर्म या दोहोंचे पांघरूण घेऊन अन्याय उभा आहे. म्हणूनच देवाने एलीया संदेष्ट्याला पाठविले ते थेट त्या मळ्यात, राजा जमिनीचा ताबा घेत असतानाच.

आजच्या पाठात आपण कॅनडा देशातील मूळ रहिवाशांची हकीकत पाहणार आहोत. तिथेही मोहोरेची पत्रे होती, कायदे होते आणि दुःखाची गोष्ट म्हणजे क्रूसही होता. आपली ख्रिस्तसभा या हकीकतीत प्रेक्षक नव्हती. त्यामुळे हा परक्या देशाचा इतिहास म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

१. क्रूस रोवला आणि जमीन राजाची झाली

कॅनडात मूळ रहिवाशांचे तीन मोठे गट मानले जातात : फर्स्ट नेशन्स, उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशातील इन्युइट आणि युरोपीय व मूळ रहिवासी अशा संमिश्र वंशाचे मेटी. फर्स्ट नेशन्स म्हणजेही एक जमात नव्हे. क्री, ओजिब्वे, मोहॉक, ब्लॅकफूट, हायडा असे अनेक समाज, अनेक भाषा, प्रत्येकाची स्वतःची व्यवस्था. २०२१ च्या जनगणनेनुसार हे सारे मिळून सुमारे अठरा लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या पाच टक्के आहेत. एके काळी सगळा देश त्यांचा होता.

१५३४ च्या जुलै महिन्यात फ्रेंच दर्यावर्दी जॅक कार्तिए याने गास्पे येथे तीस फूट उंचीचा क्रूस उभा केला आणि त्यावर फ्रान्सच्या राजाचा जयजयकार कोरला. तिथला प्रमुख डोनाकोना होडीतून आला. आजूबाजूची सगळी जमीन आपली आहे आणि आपल्याला विचारल्याशिवाय हे उभे करायला नको होते, असे त्याने हातवारे करून सांगितले. ही हकीकत कार्तिएच्याच प्रवासवर्णनात नोंदलेली आहे. हा क्रूस नुसती वाट दाखवणारी खूण आहे, अशी त्याची समजूत घालण्यात आली. खुणेवर राजाचे नाव का, हे मात्र त्याला सांगितले गेले नाही.

त्याच १५३४ सालच्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, हे आपल्याला ठाऊक आहे. एकाच वर्षातील या दोन घटनांमागे एकाच प्रकारचा विचार होता. पोप पाचवे निकोलस यांनी १४५२ आणि १४५५ मध्ये पोर्तुगालच्या राजाला, आणि पोप सहावे अलेक्झांडर यांनी १४९३ मध्ये स्पेनच्या राजाराणीला आज्ञापत्रे दिली होती. नव्याने 'सापडलेल्या' बिगरख्रिस्ती प्रदेशांवर या राजांनी हक्क सांगावा, अशी मोकळीक त्यांत होती. फ्रान्स व इंग्लंड यांच्या राजांना ही पत्रे नव्हती, पण विचार त्यांनीही उचलला. जिथे लोक आधीच राहत होते, ती भूमी 'शोधली' म्हणून आपली. पुढे याला शोधाचा सिद्धांत असे नाव पडले. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधारे निकाल दिला आणि कॅनडातही जमिनीच्या मालकीचा विचार याच पायावर उभा राहिला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी स्पष्ट जाहीर केले की, हे मूळ रहिवासी खरीखुरी माणसे आहेत, ते ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य आणि त्यांची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. म्हणजे सत्य ख्रिस्तसभेच्याच मुखातून बाहेर पडले होते. पण राजांनी सोयीचे पत्र जपून ठेवले आणि गैरसोयीचे विसरून गेले.

२. करार झाले, मग कायदा आला

१८६७ मध्ये कॅनडा हे एक संघराज्य झाले. पश्चिमेच्या विस्तीर्ण माळरानांवर युरोपातून येणाऱ्या शेतकऱ्यांना जमीन द्यायची होती आणि रेल्वे न्यायची होती. त्यासाठी १८७१ ते १९२१ या काळात सरकारने मूळ रहिवाशांशी क्रमांक दिलेले अकरा करार केले. मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांच्या समजुतीप्रमाणे हे करार जमीन एकत्र वापरण्याचे होते. सरकारी कागदावर मात्र जमीन कायमची सोडून दिल्याचे लिहिलेले होते. त्यांच्या वाट्याला राखीव वस्त्या आल्या.

१८७६ मध्ये इंडियन ॲक्ट हा कायदा झाला. पुढच्या दुरुस्त्यांसह त्याने मूळ रहिवाशांचे सगळे जीवन सरकारी अधिकाऱ्याच्या हाती दिले. मूळ रहिवासी कोणाला म्हणायचे, हेही सरकार ठरवू लागले. १८८५ पासून पश्चिम किनाऱ्यावरील त्यांच्या पॉटलॅच या मोठ्या समारंभावर बंदी आली, ती १९५१ पर्यंत राहिली. वस्तीबाहेर जायचे तर अनेक ठिकाणी अधिकाऱ्याची चिठ्ठी लागे, आणि या चिठ्ठीला तर कायद्याचाही आधार नव्हता. १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी सरकारच्या परवानगीशिवाय वर्गणी गोळा करणे किंवा वकील देणे हा गुन्हा होता. आपली कायदेशीर ओळख न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क त्यांना १९६० साली मिळाला.

नाबोथाला निदान आरोप ऐकायला सभेत बसविले होते. इथे दाद मागायची वाटच कायद्याने बंद केली होती.

३. मुलांना घरातून नेले

जमीन गेली तरी माणूस आपल्या भाषेत, आपल्या गाण्यात, आपल्या आजीच्या गोष्टीत जिवंत राहतो. हे सरकारने ओळखले होते. पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅक्डोनाल्ड यांनी १८८३ मध्ये संसदेत मांडलेला विचार असा होता की, शाळा वस्तीतच असली तर मूल आईबापांजवळ राहते आणि त्यांच्यासारखेच होते. म्हणून त्याला त्यांच्यापासून दूर ठेवले पाहिजे. त्याच सुमाराला सरकारी पैशाने निवासी शाळांची योजना सुरू झाली आणि शाळा चालविण्याचे काम ख्रिस्ती पंथांकडे सोपविण्यात आले. १९२० मध्ये कायदा बदलून ही शाळा सक्तीची करण्यात आली. मूल पाठविले नाही तर आईबापांना शिक्षा होऊ शकत असे.

पुढे चौकशीत नोंदल्या गेलेल्या अशा १३९ शाळा होत्या आणि त्यांतून सुमारे दीड लाख मुले गेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालू होत्या. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन हे पंथ यात होते, पण निम्म्याहून अधिक शाळा कॅथोलिक संस्थांच्या होत्या. त्यांत ओब्लेट धर्मगुरूंचा आणि अनेक धर्मभगिनी संघांचा वाटा मोठा होता.

शाळेत आल्यावर मुलाचे केस कापले जात. अनेक समाजांत लांब वेणी ही मानाची आणि श्रद्धेची गोष्ट होती. घरचे कपडे काढून घेतले जात. नाव बदलून ख्रिस्ती किंवा इंग्रजी नाव दिले जाई आणि बरेचदा त्या नावाऐवजी अंकानेच हाक मारली जाई. आपल्या भाषेत बोलल्यास शिक्षा होई. भाऊ आणि बहीण एकाच आवारात असूनही एकमेकांशी बोलू शकत नसत. अर्धा दिवस शिक्षण आणि अर्धा दिवस शेत, गोठा, धुलाई, शिवण अशी कामे, ही पद्धत कित्येक दशके चालली. अनेक मुलांवर शारीरिक आणि लैंगिक अत्याचार झाले. १९४८ ते १९५२ च्या दरम्यान सहा शाळांमध्ये आधीच अर्धपोटी असलेल्या मुलांवर आहाराचे सरकारी प्रयोग करण्यात आले. आईबापांची संमती घेतली गेली नव्हती.

या शाळांतून प्रेमाने शिकविणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी होत्या आणि त्यांची आठवण चांगल्या शब्दांत काढणारे माजी विद्यार्थीही आहेत. हे नाकारण्याचे कारण नाही. पण प्रेमळ माणूसही जेव्हा मुलाला सांगतो की, तुझ्या आईची भाषा बोलणे वाईट आहे, तेव्हा मुलाच्या मनावर कोणता घाव बसतो? 'आपण यांचे भले करीत आहोत' अशी खात्री असल्यामुळे तो घाव कोणाला दिसलाच नाही. अन्यायाचा हा प्रकार आपण विशेष ओळखायला हवा, कारण तो वाईट माणसांपुरता मर्यादित नसतो.

४. सांगणारे होते, ऐकणारे नव्हते

'त्या काळी कोणाला कळत नव्हते,' असे म्हणण्याची सोय राहू नये म्हणून एका माणसाचे नाव लक्षात ठेवू या. डॉ. पीटर ब्राइस हे याच खात्याचे वैद्यकीय अधिकारी होते. १९०७ मध्ये त्यांनी पश्चिमेकडील शाळांची पाहणी करून अहवाल दिला. ज्या १,५३७ विद्यार्थ्यांची माहिती मिळाली, त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मरण पावले होते. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्के हयात नव्हते. मुख्य कारण क्षयरोग, आणि तो पसरण्याचे कारण कोंदट, गर्दीच्या निजायच्या खोल्या. ब्राइस यांनी उपायही सुचविले. ते महाग ठरले म्हणून मान्य झाले नाहीत. पुढे त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९२२ मध्ये त्यांनी स्वतःच पुस्तिका छापून हा राष्ट्रीय गुन्हा असल्याचे देशाला सांगितले. देशाने फारसे मनावर घेतले नाही. शाळा त्यानंतरही सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू राहिल्या.

१९६६ च्या ऑक्टोबरमध्ये चॅनी वेनजॅक हा बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा केनोरा येथील प्रेस्बिटेरियन शाळेतून पळाला. शाळेत त्याला चार्ली म्हणत. घर सुमारे ६०० किलोमीटर दूर होते, आणि ते नेमके किती दूर आहे हे त्याला माहीत नव्हते. रेल्वेचे रूळ धरून तो चालत निघाला. अंगावर साधे कपडे, कडाक्याची थंडी. काही दिवसांनी रुळांशेजारी त्याचा मृतदेह मिळाला. त्याच्या मृत्यूची चौकशी झाली आणि देशभर बातमी पोहोचली. एक मूल आपल्या बाबांकडे जाण्यासाठी मरणाच्या वाटेवर चालत होते, ही गोष्ट त्या वेळी पहिल्यांदा पुष्कळ लोकांच्या काळजाला भिडली.

शाळांत किंवा शाळांमुळे मरण पावलेल्या ४,१०० हून अधिक मुलांची नोंद आतापर्यंत झाली आहे. खरा आकडा याहून मोठा असावा असे अभ्यासक मानतात, कारण अनेक कागदपत्रे नष्ट झाली आणि अनेक मुलांचे मृतदेह खर्चाच्या कारणावरून घरी पाठविलेच गेले नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात कॅमलूप्स येथील पूर्वीच्या कॅथोलिक निवासी शाळेच्या आवारात रडारच्या साहाय्याने जमिनीखाली सुमारे दोनशे संभाव्य कबरींच्या खुणा आढळल्याचे तेथील समाजाने जाहीर केले. रडार फक्त जमीन हललेली दाखविते, त्यामुळे या खुणांबद्दल तिथे वादही झाला. पण मुले मेली आणि पुष्कळांच्या आईबापांना कबरही दाखविली गेली नाही, हे त्या रडारवर अवलंबून नाही. ते शाळांच्या आणि सरकारच्या जुन्या दप्तरांतच लिहिलेले आहे.

५. पापनिवेदन

चांगल्या पापनिवेदनासाठी काय लागते, हे आपण परमप्रसादाच्या तयारीच्या वर्गात शिकलो : सदसद्विवेकाची तपासणी, मनापासून पश्चात्ताप, पुन्हा पाप न करण्याचा निर्धार, पाप स्पष्ट शब्दांत सांगणे आणि प्रायश्चित्त पुरे करणे. एका माणसाला लागू पडणारी ही शिकवण संस्थेला आणि सरकारलाही लागू पडते का? कॅनडात गेली पस्तीस वर्षे याच प्रश्नाची परीक्षा चालू आहे.

सुरुवात ज्यांनी सोसले त्यांनीच केली. १९९० मध्ये मॅनिटोबातील फर्स्ट नेशन्सचे नेते फिल फाँटेन यांनी, कॅथोलिक शाळेत लहानपणी आपल्यावर अत्याचार झाल्याचे जाहीरपणे सांगितले. त्यामुळे हजारो लोकांना बोलायचे बळ आले. १९९१ मध्ये ओब्लेट संघाने लाक सेंट अ‍ॅन या तीर्थस्थानी मूळ रहिवाशांची क्षमा मागितली. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले आणि मोठी तडजोड झाली. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. त्याच वर्षी सत्य आणि समेट आयोगाचे काम सुरू झाले. स्वतः मूळ रहिवासी असलेले न्यायमूर्ती मरे सिन्क्लेअर त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभर फिरून हजारो माजी विद्यार्थ्यांचे बोल ऐकून घेतले. २०१५ मध्ये त्याने या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि ९४ मागण्या पुढे ठेवल्या. त्यांतील अठ्ठावन्नावी मागणी अशी होती की, पोप महोदयांनी कॅनडात येऊन माफी मागावी.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये फाँटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भेटून दुःख व्यक्त केले होते. पुढचे पाऊल पोप फ्रान्सिस यांनी उचलले. १ एप्रिल २०२२ रोजी त्यांनी रोममध्ये आलेल्या प्रतिनिधींची क्षमा मागितली आणि जुलैमध्ये पंचाऐंशी वर्षांचे असताना, गुडघ्याच्या दुखण्यामुळे चाकाच्या खुर्चीत बसून, ते कॅनडाला गेले. या दौऱ्याला त्यांनी प्रायश्चित्ताची यात्रा म्हटले. २५ जुलै रोजी मास्क्वासिस येथे, पूर्वीच्या निवासी शाळेच्या जागी, त्यांनी ख्रिस्ती लोकांनी केलेल्या दुष्कृत्यांबद्दल क्षमा मागितली. रोममध्ये त्यांना लहान मुलाचे चामडी जोडे देण्यात आले होते, ते त्यांनी तिथे परत केले. दुसऱ्या दिवशी, प्रभू येशूच्या आजीआजोबांच्या, संत योआकिम आणि संत आन्ना यांच्या सणाला, ते लाक सेंट अ‍ॅनच्या तळ्याकाठी प्रार्थनेला गेले. मूळ रहिवासी कॅथोलिक १८८९ पासून तिथे यात्रेला येतात. ज्या शाळांनी मुलांना आजीपासून तोडले, त्यांच्या लोकांनी आजीच्या सणाचीच यात्रा जतन केली आहे.

ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होते. कित्येकजण समाधानी नव्हते. न्यायमूर्ती सिन्क्लेअर यांनी म्हटले की, ही क्षमायाचना ऐतिहासिक असली तरी तिने दोष काही व्यक्तींवर टाकला, ख्रिस्तसभेने संस्था म्हणून जे केले ते पुरेसे मान्य केले नाही. तीन दिवसांनी क्वेबेकमध्ये पोप महोदयांनी लैंगिक अत्याचारांचाही उल्लेख केला आणि परतीच्या विमानात पत्रकारांशी बोलताना वंशसंहार हा शब्दही वापरला. पुढे ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने शोधाचा सिद्धांत औपचारिकपणे नाकारला. हा सिद्धांत कॅथोलिक शिकवणीचा भाग नाही आणि त्या जुन्या आज्ञापत्रांत मूळ रहिवाशांच्या समान मानवी प्रतिष्ठेचे योग्य प्रतिबिंब नव्हते, असे त्या निवेदनात म्हटले आहे. पाप स्पष्ट शब्दांत सांगायला किती काळ आणि किती धैर्य लागते, हे यावरून दिसते.

६. जक्कयाचा हिशेब

लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय भेटतो. येशू घरी आल्यावर त्याने 'चुकले' एवढेच म्हटले नाही. अर्धी संपत्ती गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट, असा त्याने आकडा सांगितला. प्रभूने तारणाची गोष्ट काढली ती त्यानंतर.

कॅनडातील हिशेब अजून पुरा झालेला नाही. २००६ च्या तडजोडीनुसार कॅथोलिक संस्थांनी इतर रकमांबरोबरच अडीच कोटी डॉलर गोळा करण्याचा प्रयत्न करायचा होता. प्रत्यक्षात चाळीस लाखही जमले नाहीत, आणि २०१५ मध्ये न्यायालयाच्या निर्णयाने ती जबाबदारी संपली. कायद्याने संपली, पण विवेकाने संपली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तेथील बिशपांनी पाच वर्षांत तीन कोटी डॉलर उभे करण्याचे नव्याने वचन दिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी व्हॅटिकनच्या संग्रहालयातील ६२ वस्तू कॅनडाच्या बिशपांकडे, मूळ समाजांना परत देण्यासाठी, सुपूर्द केल्या. त्यांत इन्युइट लोकांची एक होडीही आहे. १९२५ च्या मिशन प्रदर्शनासाठी अशा वस्तू रोमला नेण्यात आल्या होत्या. शंभर वर्षांनी त्या घरी गेल्या.

सरकारचीही तीच गत. माफीनंतरही राखीव वस्त्यांतील मुलांच्या कल्याणावर सरकार भेदभावाने कमी खर्च करीत असल्याचे मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ठरविले. २०२३ मध्ये २,३०० कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर झाली. २०२१ च्या जनगणनेत दिसले की, देशातील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूळ रहिवाशांची मुले जेमतेम आठ टक्के आहेत, पण आईबापांपासून दूर, दुसऱ्यांच्या घरी सांभाळायला ठेवलेल्या मुलांत ती निम्म्याहून अधिक आहेत. शाळा बंद झाल्या, तरी मुलांचे घराबाहेर जाणे थांबलेले नाही.

आणि जे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, त्या सामान्य नागरिकांचे काय? 'आम्ही काही कोणाची जमीन घेतली नाही,' असे त्यांना वाटते आणि ते खोटे नाही. पण शोल लेकची हकीकत ऐका. विनिपेग शहराला चांगले पाणी हवे होते. १९१९ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेक या तलावातून जलवाहिनी सुरू झाली. त्यासाठी तेथील अनिशिनाबे लोकांची जमीन घेण्यात आली आणि कालवा खणल्यामुळे त्यांची वस्ती बेटासारखी तुटून पडली. शहर शंभर वर्षे त्या तलावाचे स्वच्छ पाणी पीत आहे. तलावाकाठच्या वस्तीला मात्र १९९७ पासून पाणी उकळून पिण्याची सूचना होती आणि बाटल्यांतून पाणी आणावे लागत होते. रस्ता २०१९ मध्ये झाला. पाणी शुद्ध करण्याचे केंद्र २०२१ मध्ये. विनिपेगच्या घराघरांत नळ सोडणारी गृहिणी वाईट नव्हती. तिला फक्त पाणी कुठून येते हे कोणी सांगितले नव्हते आणि तिनेही विचारले नव्हते.

७. आपला संबंध

आपल्याकडची तरुण मंडळी शिक्षणासाठी, नोकरीसाठी कॅनडाला जातात. तिथे घर घेतात, तिथल्या चर्चमध्ये मिस्सेला जातात. त्यांनी कोणावर अन्याय केलेला नाही. तरीही ज्या भूमीवर ती राहतात, तिचा इतिहास त्यांना माहीत असावा. ३० सप्टेंबरला तिथे सत्य आणि समेटाचा राष्ट्रीय दिवस असतो आणि लोक नारिंगी सदरा घालतात. फिलिस वेबस्टॅड या सहा वर्षांच्या मुलीला आजीने शाळेसाठी नवा नारिंगी सदरा घेऊन दिला होता. १९७३ मध्ये कॅथोलिक निवासी शाळेत पाऊल ठेवताच तो काढून घेण्यात आला. त्याची ही आठवण आहे. फोनवर बोलताना आपल्या मुलांना हे जरूर सांगावे.

आणि घरच्या नळाचे काय? सूर्या नदीवरील प्रकल्प मुळात डहाणू-पालघरकडील शेतीच्या सिंचनासाठी होता. धामणीच्या धरणासाठी आदिवासी कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली. आज त्या धरणाचे पाणी वसई-विरारच्या घराघरांत येते, आणि शेतीचे पाणी शहराकडे वळविण्यास तिकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आहे. आपल्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा आपण वसईकर रस्त्यावर उतरलो होतो. म्हणून दुसऱ्याच्या पाण्याचा प्रश्न आपल्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

वारली पाड्यांवरील मुलांसाठी ख्रिस्ती संस्थांच्या शाळा आणि वसतिगृहेही आपल्या जिल्ह्यात आहेत. तिथे मुले आईबापांच्या इच्छेने येतात, सुट्टीत घरी जातात. कॅनडाशी त्यांची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण कॅनडाने शिकविलेला प्रश्न प्रत्येक शाळेने, प्रत्येक दात्याने स्वतःला विचारावा असा आहे : आपल्याकडून शिकून गेलेल्या मुलाला आपल्या आईची भाषा बोलताना अभिमान वाटतो की लाज?

एलीया मळ्यात आला तेव्हा नाबोथ मेलेला होता. संदेष्ट्याच्या येण्याने तो उठला नाही. कॅनडातील मुलेही परत येणार नाहीत. पण अहाबाने एलीयाचे ऐकून गोणपाट नेसले आणि उपवास केला, हेही त्याच अध्यायात आहे. मात्र मळा नाबोथाच्या वारसांना परत दिल्याचे तिथे कुठेही लिहिलेले नाही. अहाबाचा उपवास आणि जक्कयाचा हिशेब यांतला फरक आपण ध्यानात ठेवू या.

चिंतनासाठी आणि चर्चेसाठी

१. नाबोथाच्या गोष्टीत पत्र मिळालेल्या वडीलधाऱ्यांपैकी एकानेही राणीला विचारले नाही. त्यांना गप्प बसायला कशाने लावले असेल? आपण कोणकोणत्या ठिकाणी असे गप्प बसतो?

२. 'आम्ही त्यांच्या भल्यासाठीच करीत आहोत,' हे वाक्य आपण घरात, शाळेत, धर्मग्रामात कधी वापरतो? ज्यांचे भले करायचे त्यांना आधी विचारले जाते का?

३. क्षमा मागितल्यानंतर परतफेड राहिली आहे, असा एखादा व्यवहार आपल्या कुटुंबात किंवा शेजारात आहे का? जमिनीचा, बांधाचा, वाटणीचा, पाण्याचा?

४. या आठवड्यात आपल्या विभागातील एखाद्या आदिवासी कुटुंबाशी पाच मिनिटे बोलावे. त्यांचे मूळ गाव कोणते, ते इथे का आले, घरात कोणती भाषा बोलतात, हे विचारावे आणि फक्त ऐकावे.

प्रार्थना

हे प्रभो, तू प्रत्येक समाजाला त्याची भाषा आणि त्याची भूमी दिलीस. ज्या मुलांना घरी परत जाता आले नाही, त्यांना तू आपल्या घरी विसावा दे. ज्यांनी त्यांची वाट पाहिली, त्या आईबापांचे अश्रू पूस. आमच्या ख्रिस्तसभेला खरे बोलण्याचे धैर्य आणि घेतलेले परत देण्याचे औदार्य दे. आमेन.